पाकघरातला कॉम्प्युटर

३ मार्च, मंगळवार

कॉम्प्युटर परत अडकला. पडद्यावर सगळ्या लाइनी हिरव्यागार, प्रत्येक नळीतली रस खेचणारी ओढ उत्तम, आणि प्रत्यक्षात उत्तर उतारावरची मोठी नळी खारीने कुरतडून ठेवलेली. दुपारभर मेपलचा रस बर्फात गळत होता आणि मी पाकघरात, जिथे तो रस आटवून पाक करतात तिथे, त्या हिरव्या दिव्यांसमोर पाय पसरून बसलो होतो.

या रानाचा मालक रोलँड टाउन मीटिंगहून, म्हणजे गावाच्या वार्षिक सभेहून आला, रसाच्या टाकीचं झाकण उचलून आत वाकला आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "काय रे कॉलेज, तुझा डबा तर म्हणतोय सगळं झकास आहे."

मला 'कॉलेज' म्हणतो तो. अर्धं सोडून आलो म्हणून. प्राध्यापक मूर्ख होते, मला तिथे शिकण्यासारखं काही उरलं नव्हतं, हे मी त्याला शंभरदा सांगून झालंय. रोलँडची मुलगी लिझेट माझ्याच कॉलेजात होती; तिची आई त्याच वर्षी गेली, लिझेट कॉलेज सोडून इथे घरी परतली आणि तिच्या बापाला कामाला माणूस हवा होता, हा निव्वळ योगायोग.

सेन्सर बसवायची कल्पना माझी. आधी हे बापलेक रान तुडवत, नळ्यांना कान लावत, हवा कुठून सूं करते ते ऐकत फुटकी जागा शोधायचे. मी म्हटलं, प्रत्येक लाइनीला सेन्सर लावू, खुर्चीत बसून कळेल कुठे गळतंय. रोलँड तयार झाला तो लिझेटने हट्ट धरला म्हणून. म्हणजे हा डबा फसला की माझ्याबरोबर तीही तोंडघशी.

वर रोलँडचं डोकं आधीच तापलेलं. सभेत म्हातारा टटल भेटतोच. बारा वर्षांपूर्वी याच सभेत टटलने हात वर केला आणि आमचा वरचा रस्ता गावाच्या बर्फ काढायच्या यादीतून गेला. तेव्हापासून दोघे सभागृहाच्या दोन टोकांना बसतात. गंमत म्हणजे रस्ता रोज सकाळी साफच असतो. रोलँडच पहाटे उठून करत असणार. त्याच्या ट्रॅक्टरचं बर्फ सारायचं पातं गंजून कोठारामागे पडलंय खरं, पण हा माणूस फावड्यानेही करेल, इतका हट्टी आहे.

ही वही लिझेटने ख्रिसमसला दिली. म्हणाली, "राग आला की यात लिहीत जा, दारं नको आपटूस." दार एकदा आपटून आलो, मग लिहायला बसलो.

५ मार्च, गुरुवार

सापडला. टास्क मॅनेजर उघडून सकाळपासून डोळे लावून बसलो होतो. मागे, पडद्यावर कुठेही न दिसता, एक प्रोसेस चालते. नाव म्हणजे नुसती अक्षरं आणि आकडे. सगळा प्रोसेसर एकटी खाते. सेन्सरच्या प्रोग्रॅमला श्वास घ्यायला जागा ठेवत नाही, म्हणून तो बिचारा तासाभरापूर्वीचेच आकडे दाखवत बसतो. मी तिच्यावर क्लिक केलं आणि मारून टाकली. कॉम्प्युटरच्या पंख्याची घरघर तिथल्या तिथे थांबली. आकडे हलायला लागले.

लिझेट लाकडं घेऊन आत आली होती. "झालं?"

"झालं."

"पपा, ऐकलंत का? झालं म्हणतोय."

रोलँड चुलाणात लाकूड सारत होता. "आज झालं," म्हणाला.

कौतुक करताना या माणसाच्या जिभेला काटे फुटतात. लिझेटने मात्र मला अख्खा डोनट दिला. स्वतःच्या हाताने.

६ मार्च, शुक्रवार

परत आली. त्याच नावाने, तेवढीच भूक घेऊन. सकाळी मी पाकघरात पोचायच्या आधीच ती बसून खात होती. मारली. दुपारपर्यंत ठीक. मी जेवून आलो तर पुन्हा हजर.

ज्याने हा कॉम्प्युटर विकला त्याला फोन लावला. तो म्हणतो, "बंद करून चालू केलात का?" मी त्याला विचारलं, की तुझं डोकं कोणी बंद करून चालू केलंय का कधी. त्याने फोन ठेवला. तिसऱ्या वेळी उचललाच नाही.

बाहेर आलो आणि दाराजवळच्या मेपलखालची बादली लाथेने उडवली. ती दगडी पायरीवर जाऊन आपटली.

रोलँड दारातच उभा होता. "बादलीने काय केलंय तुझं?"

"काही नाही."

"मग?"

मग काय मग. हजारो झाडांना नळ्या जोडल्यात आणि या एकाच झाडाखाली अजून बादली ठेवतो हा. त्याची बायको झान रोज इथून कपभर रस प्यायची म्हणून. हे मला ठाऊक होतं. ठाऊक असूनच लाथ मारली असेन, मला तेवढं भान नव्हतं. त्याने जाऊन बादली आणली, पोचा आतून अंगठ्याने दाबून बघितला, निघाला नाही, तशीच परत ठेवली. ओरडला असता तर बरं झालं असतं.

८ मार्च, रविवार

आता माझी पाळी. मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. तो डोळ्यांत तेल घालून बसतो आणि ती प्रोसेस डोकं वर काढताच तिला मारतो. तिने परत उठावं, याने परत मारावं. त्याचं नाव ठेवलंय 'बाउन्सर'. कॉलेजात चार महिन्यांत जे शिकवलं नसतं ते मी एका रविवारात केलं.

आणखी एक गोष्ट. सकाळी स्वयंपाकघरात गेलो तर लिझेटचे बूट चुलीपाशी वाळत ठेवलेले, गुडघ्यापर्यंत ओले. ती आमच्या आधी उठून रानात जाऊन आली होती. विचारलं तर म्हणाली, "अशीच. नळ्या बघून आले." म्हणजे माझ्या सेन्सरवर विश्वास नाही असं दाखवायचं नाही, पण मला बोलणी बसू नयेत म्हणून ही मुलगी गोठलेल्या पहाटे एकटी डोंगर चढते. आणि मी इथे तिच्या आईच्या बादलीला लाथा मारतो.

माझ्या मनात काय आहे ते तिला सांगायला हवं. हंगाम संपला की सांगेन.

९ मार्च, सोमवार

बाउन्सर चोख काम करतोय. दिवसभर आकडे धावत होते. एक गळती मी पडद्यावर बघितली, लाइन नंबर सांगितला, रोलँड गेला आणि खरंच तिथेच होती. आल्यावर त्याने माझ्याकडे मान हलवली. अर्धीच, पण हलवली.

संध्याकाळी लिझेट माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली.

"ऑरिन, कॅमेऱ्यांचे फोटो उघडत नाहीयेत. तू काही केलंस का?"

रानात आम्ही पाच-सहा कॅमेरे टांगलेत, खारी आणि हरणं कुठे नळ्या तोडतात ते कळावं म्हणून. समोर काही हललं की ते फोटो काढतात आणि इथे पाठवतात. ते बघायला जो फोटोंचा प्रोग्रॅम आहे त्याचीच ती मागची प्रोसेस निघाली. तिला मारलं की तो प्रोग्रॅमही आडवा होतो.

"काढूनच टाकतो तो प्रोग्रॅम," मी म्हटलं. "सगळ्या रोगाचं मूळ तेच आहे."

"नको." एवढ्या पटकन म्हणाली की मीच चमकलो. मग हळू आवाजात, "आईचे फोटो आहेत त्यात. मी लावून ठेवलेत सगळे."

"आणि रानातले? ते कशाला हवेत तुला?"

"हरणं बघायला."

तिला हरणं आवडतात हे मला माहीतच नव्हतं. एवढे दिवस एका छताखाली राहून माणूस किती कमी ओळखतो. मी ठरवलं, रोज सकाळी बाउन्सर बंद ठेवायचा. दहापर्यंत रस गोठलेलाच असतो. तेवढ्यात त्या प्रोसेसला काय चरायचं ते चरून घेऊ दे, आणि लिझेटला हरणं बघू दे.

११ मार्च, बुधवार

ती चरून संपतच नाही. दोन दिवस सकाळभर मोकळं सोडलं तरी जिथे होती तिथेच. काय करते काय एवढं? थोडेसे फोटो. हरणं, खारी, हलणाऱ्या फांद्या. दुसऱ्या कुठल्या कॉम्प्युटरला हे काम दिलं तर तो चहा होईपर्यंत संपवेल.

आज बाउन्सर परत लावायला मला उशीर झाला आणि दुपारी रोलँडने पडदा बघितला. सगळं हिरवं. तो बाहेर गेला, पायी वर चढला आणि दोन गळत्या शोधून आला.

मग जेवताना बोलला. "शुक्रवारी सकाळी गारठा तुटतोय. रस धावणार. या हंगामातला सगळ्यात मोठा असेल कदाचित. तुझा डबा तोवर सुधारला तर सुधारला. नाहीतर मी तो उपटणार."

"उपटा."

"आणि डब्याचा माणूसही. मला चालणारा माणूस लागतो, बसणारा नाही."

"पपा," लिझेट म्हणाली.

"काय पपा? तूच आणलंस ना हे खूळ?"

मी वाटाणे काट्याने चिरडत बसलो. मी इथून गेलो तर कुठे जाणार, हा प्रश्नच नाही. मी कुठेही जाईन. पण इथून जाणार नाही.

उठून बाउन्सर लावला. आता सकाळी नाही, दुपारी नाही, कधीच बंद करायचा नाही. हरणं गेली खड्ड्यात.

१३ मार्च, शुक्रवार

दार दोनदा आपटलं, मग वही उघडली.

सकाळी लिझेट आली. डोळे सुजलेले. "अर्धा तास दे मला. फक्त अर्धा तास. परवापासून काहीच बघता आलं नाही."

मी म्हटलं आज नाही, आज मोठा दिवस आहे. तिने माझी बाही धरली. बस, एवढंच केलं तिने. बाही धरली आणि म्हणाली, "प्लीज." आज काय तिच्या आईचा वाढदिवस असेल, असं मला वाटलं. मी बाउन्सर बंद केला आणि लाकडं फोडायला गेलो. कुऱ्हाड चालवताना मी बाहीचाच विचार करत होतो. बाउन्सरचा केला नाही.

अकराला रस सुटला. कधी बघितला नव्हता असा. नळ्यांतून सळसळत खाली येत होता आणि चुलाणावरची कढई लाटांनी उकळत होती. रोलँड तिथून हलू शकत नव्हता, पाक करपला असता. तो तिथूनच ओरडला, "वरचं कसंय?"

मी पडद्यावर बघितलं. "सगळं हिरवं."

पंखा घरघरत होता. मला ऐकू यायला हवा होता. चुलाणाच्या आवाजात नाही आला.

तेवढ्यात मागचं दार उघडलं आणि हॉलिस टटल आत आला. म्हाताऱ्या टटलचा मुलगा, गावाचा बर्फ काढायचा ट्रक चालवतो तो. बारा वर्षांत त्या घरातल्या कोणी या घरात पाय ठेवलेला नाही. हातमोजे रसाने चिंब.

"दगडी भिंतीकडची मोठी लाइन सुटली होती," म्हणाला. "धो धो वाहत होता रस. जोडली मी. पण क्लिप जुनी आहे, परत सुटेल."

रोलँड त्याच्याकडे बघत राहिला. हातातली पळी तशीच.

मी मध्ये पडलो. "तू आमच्या रानात काय करत होतास?"

"जात होतो."

"कुठे? तुमचं घर तिकडे, ट्रक तिकडे. इकडून कुठे जातो रस्ता?"

"ऑरिन, जाऊ दे," लिझेट म्हणाली.

"का जाऊ दे? महिनाभर आपल्या नळ्या तुटतायत. आपण खारींना शिव्या घालतोय. आणि हा बरोब्बर तुटलेल्या जागीच उगवतो."

हॉलिस म्हणाला, "मी जोडली रे, तोडली नाही."

"तोडणाराच जोडायला पहिला पोचतो."

त्याचा चेहरा लाल झाला. वाटलं आता मारेल, आणि मला तेच हवं होतं. पण त्याने लिझेटकडे बघितलं आणि हातमोजे पिळत बाहेर निघून गेला. भेकड.

"कॉम्प्युटर काय म्हणत होता?" रोलँडने विचारलं.

"सगळं ठीक."

"हं."

त्या 'हं'ने माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "कॅमेरे आहेत ना. भिंतीपाशी पण एक आहे. उद्या सकाळी सगळे फोटो उघडतो आणि या पोराचा चेहराच दाखवतो तुम्हाला. मग बोला."

लिझेटच्या हातून लाकडांची मोळी पडली. एक ओंडका कुत्र्याच्या पंजावर पडला, टर्निप केकाटला, आणि ती खाली बसून त्याचा पंजा चोळत राहिली. वर बघेचना.

नंतर मला अंगणात गाठून म्हणाली, "नको ना बघूस ते फोटो. मी मागते म्हणून."

फार मऊ मनाची आहे ती. शत्रूचं पोरही तिला बघवत नाही अडचणीत. म्हणूनच मला कठोर व्हायला लागतं, तिच्या वाटचं.

१४ मार्च, शनिवार

सगळं क्रमाने लिहितो.

बाउन्सर बंद केला आणि फोटोंचा प्रोग्रॅम उघडला. नुसते फोटो चाळत बसलो असतो तर हंगाम संपला असता, वाऱ्याने फांदी हलली तरी कॅमेरा फोटो काढतो. पण त्यात चेहरे ओळखायची सोय आहे. एका माणसाचे सगळे फोटो आपोआप एका ठिकाणी. हॉलिसचा एक चेहरा सापडला की झालं. ते पान उघडलं.

वर लिहिलं होतं: या व्यक्तींना तुम्ही ओळखता का?

आणि खाली सगळी झाडं.

मी डोळे चोळले. मेपलच्या बुंध्यांचे गोल गोल फोटो, पासपोर्टला लावल्यासारखे. मग कळलं. रस काढायला दरवर्षी बुंध्याला नवं भोक पाडतात. जुनं भरून येतं, त्याचा सुरकुतलेला वण राहतो. दोन वण शेजारी, खाली सालीला एक चीर, की झाले दोन डोळे आणि तोंड. रोलँडच्या आजोबांपासून या रानात भोकं पाडतायत. एकही झाड बिनडोळ्याचं नाही. आणि त्या दीडशहाण्या प्रोसेसला प्रत्येक झाड म्हणजे एक नवा माणूस. नवा फोटो आला की ती बसते विचारत, हा माणूस तोच का जो मघाशी दिसला? की तो? की तो? सावली सरकली की तेच झाड परत वेगळा माणूस. पानं नाहीत, मार्चचं ऊन, सगळे वण उघडे. संपणार कसं ते काम? कधीच संपलं नसतं.

मी एकटाच हसलो. इतक्या दिवसांचा राग, आणि शत्रू कोण, तर रोलँडच्या झाडांची तोंडं बघत बसलेला एक मूर्ख. पाच मिनिटं मला फार बरं वाटलं. तिथेच थांबलो असतो तर.

खाली दोन गठ्ठे होते, कोणीतरी हाताने नावं दिलेले. एक 'पुसायचे'. एक 'राहू देत'.

'पुसायचे' उघडला. हॉलिस टटल. दगडी भिंतीवर बसलेला, पहाटेचा राखाडी उजेड, थर्मासमधून दोन कप भरताना. दुसऱ्यात हॉलिस आणि लिझेट. तिसऱ्यात त्याने तिची लाल टोपी घातली आहे आणि ती हसून वाकली आहे. इतकी हसताना मी तिला बघितलेलं नाही. सगळे बुधवारनंतरचे. बुधवारीच मी बाउन्सर कायमचा लावला. त्याच्या आधीचा एकही नाही, कारण त्याच्या आधी तिला रोज पुसता येत होते. काल बाही धरून मिळवलेल्या वेळात तिने हे जेमतेम गोळा केले असतील, पुसायच्या आत रस सुटला आणि संध्याकाळी मी बाउन्सर परत लावला.

ओले बूट. हरणं. बाही.

मग 'राहू देत' उघडला. त्यात तिची आई होती, खूप फोटो. रोलँड. टर्निप. ओळखीची दहा-बारा झाडं. आणि मी. नळ्यांच्या बाजूने चालणारा मी, बर्फाला लाथ मारणारा मी, कोणी नसताना एकटाच हातवारे करून भांडणारा मी. एकाही फोटोत माझ्या कपाळावरची आठी गेलेली नाही. मला कधीच पुसायची गरज पडली नाही तिला.

मग रोलँडचा आवाज आला, "सापडला का तुझा चोर?"

तो दारात, हातातल्या वाटीतला पाक चमच्याने ढवळत. त्याच्या मागे लिझेट, डोक्यावर तीच लाल टोपी. ती माझ्याकडे बघत नव्हती, विनवतही नव्हती. नुसती उभी होती, बोलणी खायला आलेल्या मुलीसारखी.

माझा हात माऊसवर होता. पडदा थोडा वळवला की काम झालं. टटलचं पोर, भिंतीवर, रोलँडच्या मुलीबरोबर. हॉलिस या डोंगरावर परत दिसला नसता. आणि मला ते करायचं होतं. माझ्याच वहीत खोटं कशाला लिहू, मला ते अगदी पोटातून करायचं होतं.

"झाडं," मी म्हणालो.

"काय?"

"तुमच्या झाडांना चेहरे आहेत असं वाटतंय कॉम्प्युटरला." मी झाडांचं पान वर आणलं. "म्हणून अडकत होता. सगळ्यांची ओळख करून घेत बसलाय."

रोलँड वाकला. बराच वेळ एका बुंध्याकडे बघितलं. "ही तर माझी मावशी एस्तेल," म्हणाला. "तिचाही एक डोळा असाच मिटलेला असायचा. चर्चमध्ये सुद्धा." मग, "आणि माणूस?"

"माणूस कोणी नाही."

"भिंतीपाशी?"

"कोणी नाही. खारी आहेत."

"मग काल त्या पोरावर आळ घेतलास तो?"

"चुकून घेतला."

"मग जाऊन सांग तसं. त्याच्या तोंडावर." तो वळला. लिझेटच्या बाजूने जाताना त्याने तिची टोपी कपाळावर ओढून खाली केली, लहान मुलीची करतात तशी, आणि गेला.

तो गेल्यावर मी 'पुसायचे' पुसला. सगळा. मग चेहरे ओळखायची सोयच बंद केली. पंखा थांबला. आता बाउन्सरची गरज नाही.

लिझेट म्हणाली, "ऑरिन."

मी म्हटलं, "बोलू नकोस माझ्याशी."

१५ मार्च, रविवार

माफी मागून आलो. आयुष्यातलं सगळ्यात घाण काम. हॉलिस ट्रकखाली उताणा पडला होता, मी त्याच्या बुटांशी बोललो.

"तू नळी तोडली नव्हतीस. चूक झाली."

तो सरपटत बाहेर आला. "तिने सांगितलं मला. तू काय केलंस ते."

"तुझ्यासाठी नाही केलं."

"माहीत आहे." मग खिशातून दोन नव्या क्लिपा काढल्या. "ती भिंतीकडची परत सुटेल, म्हणून."

त्याच्या तोंडावर फेकणार होतो. पण क्लिपा चांगल्या होत्या, पितळेच्या. घेऊन आलो आणि लावल्या. भिंतीपाशी होतो तेव्हाच तिथला कॅमेरा काढून दुसऱ्या झाडावर टांगला, तोंड ओढ्याकडे करून. भिंतीपाशी खारी येतच नाहीत मुळी. कॅमेरा फुकट जात होता तिथे.

१९ मार्च, गुरुवार

पाच दिवस कॉम्प्युटर एकदाही अडकला नाही. काल रस परत धावला आणि पडद्यावरची प्रत्येक गळती खरी निघाली. रोलँड म्हणाला, "डबा राहू दे." माझ्याबद्दल काही म्हणाला नाही. मीही विचारलं नाही.

आज दुपारी त्याने अचानक ठरवलं, बर्फावर पाक घालून खायचा. लिझेटने ताजा बर्फ परातीत भरून आणला, रोलँडने गरम पाक ओतला, मी डोनट आणि, गोडावर उतारा म्हणून, आंबट लोणच्याच्या काकड्या काढल्या. मी तीन बशा मांडल्या.

"चार," रोलँड म्हणाला.

"आपण तिघंच आहोत."

"मला मोजता येतं." तो परातीकडे बघत म्हणाला, "बारा वर्षं माझा रस्ता गावाच्या यादीत नाही. गेले दोन हिवाळे रोज पहाटे तो साफ असतो. माझं पातं कोठारामागे गंजतंय. तुला काय वाटतं कॉलेज, मी झोपेत फावडं मारतो?"

मला वाटत होतं तसंच, पण तसं म्हणालो नाही. हे आत्ता कशाला काढलं तेही मला कळलं नाही. म्हातारा झालाय, कुठलं कुठे जोडतो. लिझेट मात्र एकदम खुर्चीत बसली आणि तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. ती रडत होती की हसत होती ते मला माझ्या जागेवरून दिसलं नाही. बाहेर वळणावर बर्फाच्या ट्रकचा आवाज आला. पातं वर उचललेलं असलं की वेगळा खडखडाट होतो.

मी उठलो. मला तिथे बसायचं नव्हतं. लोणचं आणतो म्हणालो, लोणचं टेबलावरच होतं. मागच्या दाराने बाहेर आलो. डोक्यात नुसता जाळ. दाराजवळच्या मेपलखाली ती पोचा पडलेली बादली होती. मी पाय मागे घेतला.

बादली काठोकाठ भरलेली होती.

मी थोडा वेळ तसाच एका पायावर उभा राहिलो. मग कडी धरली, सांडू न देता उचलली आणि आत घेऊन आलो.